इसार देण्याआधी : धाराशिवच्या जमिनीतली जोखीम

धाराशिव शहरातून तुळजापूरकडे, येडशीकडे किंवा बार्शीकडे बाहेर पडले की रस्त्याकडेच्या रानात चुन्याच्या रेघा, सिमेंटचे ठेंगणे खांब आणि ‘प्लॉट विक्री चालू आहे’चे फलक दिसू लागतात. उमरग्यात पुणे-हैदराबाद महामार्गालगत हेच, कळंबमध्ये हेच. घेणारेही ओळखीचे असतात. पुण्यात कंपनीत लागलेला मुलगा, झेडपीचे गुरुजी, एसटीतून निवृत्त झालेले चालक, ऊस-सोयाबीनचे दोन पैसे हाती आलेला शेतकरी. शेअर बाजाराची माहिती नाही, पतसंस्थांचा धसका घेतलेला, सोने हाताबाहेर गेलेले. मग उरते जमीन. ती डोळ्यांना दिसते, पायाखाली येते, चोरीला जात नाही, म्हणून सुरक्षित वाटते.

या भागातल्या जमिनीचा खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. भाव पडला म्हणून बुडालेला माणूस इथे क्वचित भेटेल. कागदात अडकलेला माणूस गावोगाव भेटतो. पैसे देऊन झाले, खरेदीखत झाले, आणि पाच वर्षांनी कळले की विकणाऱ्याला ती जमीन विकायचा अधिकारच नव्हता. शेअर पडला तर निदान उरलेले पैसे घेऊन बाहेर पडता येते. असल्या जमिनीतून बाहेरही पडता येत नाही, कारण दुसरा कोणी ती घेत नाही आणि बँक तिच्यावर कर्ज देत नाही. जोखीम सांभाळायची म्हणजे भाव किती वाढेल याचा अंदाज बांधायचा, असे सगळे समजतात. धाराशिवमध्ये ते काम नंतरचे. आधी ही जमीन कुणाची, कोणत्या प्रकारची आणि ती कुठल्या अटीवर दिली गेली होती, हे शोधायचे.

हा प्रश्न इथे इतका अवघड का, त्याचे उत्तर इतिहासात आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातली सगळी जमीन एका पद्धतीची नव्हती. काही दिवाणी, म्हणजे सरळ सरकारी अमलाखालची, काही सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेली, काही जहागिरीची. त्यातच इनामे होती. एखाद्या घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश. देवळाची पूजाअर्चा, दिवाबत्ती, दर्ग्याची किंवा मशिदीची सेवा चालावी म्हणून दिलेली ती खिदमतमाश. गावकीची कामे करणाऱ्यांना दिलेल्या बलुता इनामांचा प्रकार आणखी वेगळा. इनामाचा हक्क मान्य झाल्याचा जो सरकारी दाखला निघे त्याला मुंतखब म्हणत. ही सारी दफ्तरे उर्दूत, त्याआधीची काही फारशीत आणि मोडीत.

संस्थान गेल्यावर 1949 मध्ये जहागिऱ्या संपवल्या गेल्या. 1950 मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला, 1954 मध्ये इनामे रद्द करणारा कायदा आला. मराठवाडा 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, पण जमिनीचे हे दोन कायदे सोबत घेऊन आला. म्हणून पुण्या-साताऱ्याच्या वकिलाला तोंडपाठ असलेली कुळकायद्याची कलमे इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. तिकडच्या ओळखीच्या वकिलाकडून कागद तपासून घेतले म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवे. जमीन धाराशिवची असेल तर वकील मराठवाड्याच्या महसुली कामात मुरलेलाच हवा.

या इतिहासाची खूण आज सातबाऱ्यावर एका छोट्या ओळीत उरली आहे. वरच्या बाजूला ‘भूधारणा पद्धती’ असे लिहिलेले असते आणि त्यापुढे भोगवटादार वर्ग-1 किंवा वर्ग-2. वर्ग-1 म्हणजे मालकाला विकायला सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग-2 म्हणजे हस्तांतरणावर बंधन आहे. जिल्हाधिकाऱ्यांची किंवा सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि बहुतेक वेळा नजराणा भरल्याशिवाय व्यवहार टिकत नाही. इनामाची, सिलिंगमध्ये वाटपाने मिळालेली, भूमिहीनांना दिलेली सरकारी जमीन, पुनर्वसनात मिळालेली, कुळाला मिळालेली, अशा बऱ्याच जमिनी या वर्गात येतात.

वर्ग-1 वाचून लोक निश्चिंत होतात, आणि धाराशिवकरांना सावध करायचे ते नेमके इथेच. या जिल्ह्यात वर्षानुवर्षे वर्ग-1 म्हणून चाललेल्या, कर्ज घेतलेल्या, दोन-तीनदा विकल्या गेलेल्या जमिनींची जुनी दफ्तरे तपासल्यावर त्या मुळात इनाम किंवा तत्सम असल्याचे सांगून पुन्हा वर्ग-2 अशी नोंद झाल्याची प्रकरणे घडली आहेत. त्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलने केली. कोण बरोबर, कोण चूक, हा ज्या-त्या गटाचा वेगळा प्रश्न आहे. खरेदीदाराला त्यातून घ्यायचे ते एवढेच की आजच्या सातबाऱ्यावरचा शब्द अखेरचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसारही अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची ती उलट सिद्ध होईपर्यंतच. सातबारा हा मालकी ठरवणारा निवाडा नव्हे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला, अंगठे उमटले, फोटो निघाले, तरी त्या कार्यालयाने विकणाऱ्याची मालकी तपासून हमी दिली असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून मागे जावे लागते, आणि इथे मागे जाण्याचा टप्पा 1954-55 च्या खासरा पत्रकाचा. सोबत त्या काळची पहाणी पत्रके. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध चालला, तेव्हा ही नावे घराघरांत पोचली. तहसीलच्या अभिलेख कक्षात उर्दू आणि मोडीतली किती कागदपत्रे आहेत आणि ती वाचणारे किती थोडे आहेत, हेही तेव्हा सगळ्यांना दिसले. जमीन घेणाऱ्यानेही त्याच कक्षाची पायरी चढायला हवी. खासरा पत्रकाची नक्कल मिळवायची, इनामाचा शेरा आहे का पाहायचे, उर्दू मजकूर जाणकाराकडून वाचून घेऊन मराठीत लिहून घ्यायचा. शिवाय तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, गाव नमुना 1-क असतो. हस्तांतरणास बंदी असलेल्या जमिनींची ती नोंदवही. आपला गट त्यात आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढची दहा वर्षे वाचू शकतात.

एखादा फेरफार जवळून वाचला तर काय काय सापडते ते पाहा. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्याची नक्कल काढली की नाव कसे लागले ते कळते: खरेदीने, वारसाने, वाटणीने की कुठल्या आदेशाने. त्या फेरफारात आधीचा क्रमांक सापडतो, त्यातून त्याआधीचा. असे उलटे चालत 1950 च्या दशकात पोचायचे. वाटेत एखाद्या फेरफारात ‘कलम 38-ई अन्वये’ असा उल्लेख आला, तर हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानुसार ती जमीन कुळाला मालकी हक्काने मिळालेली आहे. मग सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘कलम 50-ब ला पात्र’ असे काहीतरी असायला हवे, कारण अशा जमिनीच्या विक्रीवर त्या कलमाचे बंधन असते. 2014 च्या दुरुस्तीने ते सैल केले: कुळाला मालकी मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या चाळीसपट रक्कम भरून परवानगीशिवाय विक्री करता येते. शेतसारा मुळातच किरकोळ असल्याने ही रक्कमही किरकोळ. पण ती भरलीच नसेल, तर काही शे रुपयांच्या चलनापायी लाखोंचा व्यवहार वादात सापडतो. चलन कुठे आहे, हे विकणाऱ्याला विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

इनामांबाबतही सरकारने दार किलकिले केले आहे. मदतमाश जमिनींचे परवानगीविना झालेले व्यवहार नियमित करायला पूर्वी बाजारमूल्याच्या 50 टक्के नजराणा होता. 2024 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणला गेला. मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता आणि तो फार उशिरा मिळाला. घेणाऱ्याने यातून एक व्यवहारी अट काढावी: नजराणा विकणाऱ्याने भरायचा, वर्ग-1 चा आदेश हातात द्यायचा, फेरफार मंजूर व्हायचा, आणि मगच खरेदी. ‘खरेदी करून घ्या, नजराण्याचे नंतर बघू’ हे वाक्य ऐकले की उठावे. देवस्थानच्या खिदमतमाश जमिनींचे नियम याहून कडक आहेत. तुळजापूरसारख्या क्षेत्राच्या जिल्ह्यात देवळांच्या, मठांच्या आणि दर्ग्यांच्या जमिनी बऱ्याच. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस मालक नसतो, देव मालक असतो. वक्फची जमीन असेल तर राजपत्रात प्रसिद्ध झालेली यादी आणि वक्फ मंडळाची नोंद पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. अशा जमिनींपासून सामान्य बचतदाराने लांबच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे स्वस्तात मिळते ते स्वस्त असायला कारण असते.

आणखी एक प्रकार दुष्काळी भागात हमखास सापडतो. सावकाराकडून पैसे घेताना शेतकरी गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून देतो. तोंडी ठरलेले असते की पैसे फिटले की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. पुढे सावकार तीच जमीन तिसऱ्याला विकतो, आणि तो तिसरा म्हणजे पुण्याहून आलेले आपले कुणीतरी. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 च्या कलम 18 नुसार असा व्यवहार सावकारीतून झाला असे चौकशीत ठरले, तर जिल्हा उपनिबंधक जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचा आदेश देऊ शकतात, आणि पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार त्या चौकशीत येतात. मला हा कायदा न्याय्य वाटतो. त्याने कितीतरी घरे वाचली आहेत. पण म्हणूनच घेणाऱ्याने ओळखायचे असते. विकणाऱ्याच्या नावे खरेदी झाली, तरी रानात वहिवाट अजून जुन्याच मालकाची आहे का? त्या खरेदीतली किंमत रेडीरेकनरपेक्षाही हास्यास्पद कमी आहे का? एकाच माणसाच्या नावे आसपासच्या गावांत अशा दहा-वीस खरेद्या आहेत का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर रानात जाऊन जुन्या मालकाशी बोलावे. अर्ध्या तासात खरे कळते.

बोलायचे आणखी एका माणसाशी, आणि ती बहुधा रानात नसते. ती विकणाऱ्याची बहीण. महाराष्ट्राने 1994 मध्ये, केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. तोंडी वाटणी झाली होती हा बचावही न्यायालयाने सहजासहजी मान्य न करण्याचे ठरवले. आपल्याकडे वारसाची नोंद लावताना बहिणींची नावे गाळण्याची, किंवा ‘बहिणींनी हक्क सोडला’ असे साध्या जबाबावर लिहून मोकळे होण्याची रीत अजून आहे. लातूरला, सोलापूरला, कर्नाटकात दिलेल्या बहिणी काही वर्षांनी दावा लावतात, आणि तो त्यांचा हक्कच असतो. म्हणून तीन पिढ्यांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घ्यावी. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर सगळ्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात, आणि मोबदल्यातला त्यांचा वाटा त्यांच्याच बँक खात्यात जमा करावा. ही आपल्या सुरक्षिततेची गोष्ट आहेच, पण त्याहून मोठी न्यायाची आहे.

हे सगळे इसार पावती होण्याआधी करायचे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. आधी हॉटेलात चहा होतो, दलाल ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ म्हणतो, एक लाख बयाणा हातात जातो आणि मग कागद मागितले जातात. पैसे गेल्यावर शोध घेणारा माणूस शोध घेत नाही, स्वतःची समजूत घालत असतो. तीस वर्षांचा शोध अहवाल, खासरा पत्रकापासूनचे फेरफार, स्थानिक वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर सूचना आणि सरकारी मोजणी यांचा खर्च व्यवहाराच्या मानाने थोडाच येतो. घ्यायचे नाही असे ठरले तर तो वाया गेला असे वाटते. प्रत्यक्षात त्याच वेळी तो सर्वांत जास्त कामी आलेला असतो.

आता प्लॉटकडे वळू, कारण बहुतेकांची ऐपत एकराची नसते, दोन गुंठ्यांची असते. शेतातले दोन गुंठे कुणालाही विकत घेता येतात, हा समज चुकीचा आहे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे ठरवले गेले. त्याहून लहान तुकडा शेतजमीन म्हणून तोडून विकता येत नाही. या बंदीला वळसा घालायला नाना वाटा निघाल्या. शंभराच्या बॉण्डवर नोटरी करून विक्री, नुसते कुलमुखत्यारपत्र, दहा अनोळखी माणसांनी मिळून वीस गुंठे सामाईक घेणे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही, त्यामुळे नोटरीचा कागद मालकी देत नाही. सामाईक खरेदीत नाव लागते, पण ‘हा कोपरा माझा’ असे कुठेच लिहिलेले नसते. 2025 मध्ये निवासी क्षेत्रांतले जुने तुकडे नियमित करण्यासाठी सरकारने मोठी सवलत दिली. ती 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या व्यवहारांना आहे. त्या सवलतीचा हवाला देऊन आज कुणी नवा तुकडा विकत असेल, तर तो दिशाभूल करतो आहे.

योग्य प्लॉट म्हणजे अकृषिक परवानगीच्या आणि मंजूर रेखांकनाच्या जागेतला. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त एककांचा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती प्लॉटिंगलाही लागू आहे. फक्त पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी नव्हे. नोंदणीमुळे तीन गोष्टी मिळतात. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावे लागतात. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. फलकावर महारेराचा क्रमांक नसेल तर तो का नाही, हे लेखी विचारा. क्रमांक असेल तर संकेतस्थळावर जाऊन मंजूर नकाशा उघडा आणि दाखवलेला प्लॉट रस्त्यावर, मोकळ्या जागेवर किंवा ओढ्यात तर येत नाही ना, हे जुळवून पाहा.

भावाबद्दल बोलायचे तर या जिल्ह्यात सध्या घोषणांचा हंगाम आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये सोलापुरात झाली. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग, सुमारे 802 किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून आखला गेला, त्यात धाराशिव आहे. 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनाला निधी मंजूर केला आणि शेतकऱ्यांचा विरोधही चालू राहिला. तुळजाभवानी मंदिर परिसराचा मोठा विकास आराखडा आहे. कौडगावच्या औद्योगिक वसाहतीचे नाव तर कित्येक वर्षे प्रत्येक दलालाच्या तोंडी आहे.

ही कामे व्हावीत असे मला मनापासून वाटते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्याला ती हवीच आहेत. पण घोषणा आणि त्यातून मिळणारे भाडे किंवा भाव यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर असू शकते. रेल्वेचेच बघा, पायाभरणीनंतरची वर्षे भूसंपादनात आणि निविदांत गेली. घोषणेच्या दिवशी वाढलेला भाव मात्र घेणाऱ्याने त्याच दिवशी भरलेला असतो. शक्तिपीठसारखा महामार्ग प्रवेश नियंत्रित असतो, म्हणजे कडेच्या रानातून गाडी थेट रस्त्यावर चढवता येत नाही. जिथे चढ-उताराचा मार्ग आहे तिथेच वाहतूक थांबते. ‘महामार्ग टच’ म्हणून घेतलेला तुकडा प्रत्यक्षात कुंपणाला टच असू शकतो, आणि जुना पाणंद रस्ता त्याच बांधकामात तुटलेलाही असू शकतो. आखणी बदलण्याचा धोका त्याहून वेगळा.

आकडाही एकदा मांडून पाहू. समजा, 10 लाखांचा प्लॉट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील मिळून 70 हजार गेले. दहा वर्षांत भाव दुप्पट झाला, 20 लाखांना विकला, दलालीचे 40 हजार वजा झाले. हातात 19 लाख 60 हजार. ‘पैसे दुप्पट झाले’ असे सगळे म्हणतील, पण वार्षिक परतावा येतो साधारण सव्वासहा टक्के, तोही कर भरण्याआधी. बँकेच्या ठेवीइतकाच, आणि ठेव आजारपणात एका दिवसात मोडता येते. धाराशिवसारख्या ठिकाणी चांगला प्लॉट विकायलाही सहा महिने सहज लागतात, घाईच्या वेळी तर गिऱ्हाईक ओळखून भाव पाडतात. म्हणून मुलीचे शिक्षण, आईचे ऑपरेशन, घराचा हप्ता, यांसाठीचा पैसा जमिनीत घालू नये. कर्ज काढून मोकळा प्लॉट घेणे तर माझ्या मते कुणीच करू नये. प्लॉट भाडे देत नाही, हप्ता मात्र दरमहा येतो.

रोखीचा विषयही इथेच येतो. ‘निम्मे कागदावर, निम्मे हातात’ ही पद्धत घेणाऱ्याच्या मुळावर येते. व्यवहार फिसकटला तर हातात दिलेले पैसे न्यायालयात सिद्ध करता येत नाहीत, आणि पुढे विकताना खरेदीची किंमत कमी दिसून नफा, म्हणजेच कर, फुगतो. आयकर कायद्यानुसार स्थावराच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. शेतजमीन विकल्यावर कर लागत नाही हेही सरसकट खरे नाही. धाराशिव शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1 लाख 11 हजारांच्या पुढे होती, त्यामुळे नगरपालिकेच्या हद्दीपासून 6 किलोमीटरच्या आतली शेतजमीन करासाठी भांडवली मालमत्ता धरली जाते.

कागद आणि भाव सोडून जमिनीची स्वतःचीही एक बाजू आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना झालेल्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्हे मिळून सुमारे 10 हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे पुन्हा नव्या जागी वसवावी लागली. माणसे मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या माळवदांच्या ओझ्याने. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. पुढे 2002 च्या नकाशात तो वरच्या क्षेत्रात गेला. उमरगा-लोहाऱ्यात बांधलेले घर घेताना स्लॅब-कॉलमचे आराखडे मागणे, जोत्याला, खिडक्यांवर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे आहेत का विचारणे, हा आगाऊपणा नाही. मोकळ्या प्लॉटवर निदान एक खड्डा खणून मुरूम किती खाली लागतो ते पाहावे. आपली काळी भुई पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंतींना तडे देते. चार फूट जास्त खोदाई म्हणजे पायाच्या खर्चात मोठा फरक.

पाण्याचेही तसेच. दुष्काळी जिल्हा म्हणून आपण पुराचा विचार करत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत सीना आणि तिच्याकडे वाहणाऱ्या नद्यांनी रानेच्या राने खरडून नेली, माणसांना छपरांवरून उतरवावे लागले. नदी-ओढ्याकाठची जागा घेताना निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जिथे रेषा आखलेल्या नाहीत तिथे गावातल्या वयस्करांना विचारावे की पाणी कुठवर चढले होते. आणि जागा पाहायला एकदा मे महिन्यात, एकदा सप्टेंबरात जावे. मे महिन्यात बोअरचे खरे कळते, सप्टेंबरात रस्त्याचे.

खरेदी झाल्यावर बहुतेक लोक सुटलो म्हणून बसतात. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ती प्रमाणित झाली का आणि नाव, क्षेत्र, गट बरोबर आहे का, हे डिजिटल सहीचा सातबारा काढून पाहावे. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांसमोर रोवाव्यात आणि तारेचे कुंपण घालावे. गावाकडच्या चुलतभावाला कागद बघायला अधिकार द्यायचा तर नोंदणीकृत मुखत्यारपत्रात कामे मोजून लिहावीत आणि विक्रीचा अधिकार त्यात नसावा. पुण्यात राहणाऱ्याने वर्षातून एकदा तरी स्वतः हद्दीवरून चालत जावे, कारण दुसऱ्याचा उघड कब्जा बारा वर्षे विनातक्रार राहिला तर मालकीचा दावाच मुदतबाह्य होऊ शकतो. शेतजमीन असेल तर दर हंगामात ई-पीक पाहणी स्वतःच्या फोनवरून स्वतः नोंदवावी, रान पडीक असेल तर तशी. ती न नोंदवल्यास पिकाच्या रकान्यात कुणाची काय नोंद झाली, हे बऱ्याचदा तिथे पहिला दावा लागल्यावरच कळते.